सेवाभावालाही झोप लागते

12 मे, म्हणजे परिचारिका दिन, जवळ आला की आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो. गुलाबी फुलांची चौकट, मध्ये पणती. शब्द दरवर्षी थोडे बदलतात, मुद्दे तेच: परिचारिका म्हणजे देवाचं रूप आणि खऱ्या सेवाभावाला थकवा शिवत नाही. कोविडमध्ये ताण आला म्हणणाऱ्यांनी सीमेवरच्या जवानाकडे बघावं, शेवटी पगार घेतातच. देशाने टाळ्या वाजवल्या, फुलं उधळली, 50 लाखांचा विमा दिला. आता तर साथही संपली. तरी कुणाला त्रास असेलच तर रोज दहा मिनिटं प्राणायाम.

एका सरकारी रुग्णालयात परिसेविका, म्हणजे वॉर्डची प्रमुख परिचारिका म्हणून मी कोविडच्या दोन्ही लाटा काढल्या. म्हणून हे उत्तर.

‘सेवाभावाला थकवा शिवत नाही’

चीनमध्ये 29 जानेवारी ते 3 फेब्रुवारी 2020 या सहा दिवसांत 34 रुग्णालयांतल्या 1,257 डॉक्टर-परिचारिकांची पाहणी झाली. निम्म्या जणांत नैराश्याची लक्षणं होती, 34 टक्क्यांना निद्रानाश. परिचारिकांना आणि थेट रुग्णाजवळ काम करणाऱ्यांना त्रास जास्त तीव्र. साथीची तेव्हा नुकती कुठे सुरुवात होती. सेवाभाव आटायला वेळ तरी कुठे मिळाला होता?

रुग्णाजवळ म्हणजे काय, ते सांगते. वॉर्डात प्लग कमी आणि नातेवाइकांना आत प्रवेश नाही. रुग्णाचा मोबाइल बंद पडला की घरचे हवालदिल. म्हणून प्रत्येक फोनच्या पाठीवर मायक्रोपोरची (ड्रेसिंगच्या चिकटपट्टीची) पट्टी, तिच्यावर बेड नंबर, आणि पाळीपाळीने चार्जिंग. ओव्हर देताना, म्हणजे पुढच्या पाळीकडे वॉर्ड सोपवताना, सलाइन, ऑक्सिजन सगळं सांगून झालं की शेवटी ‘चौदाचा फोन वीस टक्क्यांवर आहे’ हेही सांगायचो. एका पहाटे चौदा नंबर गेला. बॉडी बांधून झाल्यावर मी सामानाची यादी लिहायला घेतली: चष्मा, कवळी, एक मोबाइल. तेवढ्यात तो वाजला. पडद्यावर ‘घर’. घरी कळवायचं काम डॉक्टरांचं, ते अजून व्हायचं होतं. मी फोन उचलला नाही. वाजायचा थांबल्यावर मात्र परत चार्जिंगला लावला. का लावला, मला आजही सांगता येत नाही.

आणि ‘चौदा नंबर गेला’ हे माझंच वाक्य बघा. त्यात माणसाचं नाव नाही. क्रिस्टिना मॅस्लॅक आणि सुझन जॅक्सन या संशोधकांनी 1981 मध्ये बर्नआउट मोजायची जी प्रश्नावली मांडली, तिच्यात तीन गोष्टी तपासतात: मन पिळून रिकामं होणं, समोरचा माणूस वस्तूसारखा वाटू लागणं, आणि आपल्या हातून काही होत नाही असं वाटणं. त्यातल्या दुसऱ्या गोष्टीला आम्ही ‘खंबीर होणं’ म्हणत होतो.

‘पगार घेतातच’

31 जुलै 2020 रोजी सर्वोच्च न्यायालयात केंद्र सरकारनेच सांगितलं की आरोग्य कर्मचाऱ्यांचे पगार वेळेवर द्यायचा आदेश चार राज्यांनी पाळलेला नाही. त्या चारांत महाराष्ट्र होता. जवानाला मध्ये आणू नका, त्याचे हाल त्याला पुरेसे आहेत.

‘टाळ्या, फुलं, विमा’

22 मार्चच्या थाळ्या मला आवडल्या होत्या, खोटं कशाला बोलू. पण बरोबर महिन्याने, 22 एप्रिलला, आमच्यावर होणारे हल्ले थांबवायला 1897 च्या साथरोग कायद्यात वटहुकूम काढून दुरुस्ती करावी लागली. फुलं त्यानंतरची, 3 मेची. आणि विमा होता मृत्यूचा. जी जगली पण जिची झोप उडाली, तिचं कलम त्यात नव्हतं.

‘आता साथ संपली’

जागतिक आरोग्य संघटनेने 5 मे 2023 रोजी आणीबाणी उठवली, खरं आहे. तीन-तीन महिन्यांच्या ऑर्डरवर आलेल्या आमच्याकडच्या कंत्राटी मुली त्याच्या कितीतरी आधी घरी गेल्या होत्या. बेड तेवढेच राहिले.

‘प्राणायाम करा’

करते की! रोज करते. पण याच जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये बर्नआउटची व्याख्या केली तेव्हा त्याला आजार म्हटलं नाही; कामाच्या जागी साचत गेलेल्या आणि वेळीच न आवरलेल्या ताणाचा परिणाम म्हटलं. मग इलाज माझ्या नाकपुड्यांत कसा? 2002 मध्ये अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात परिचर्या-संशोधक लिंडा एकन आणि सहकाऱ्यांनी हिशोब मांडला होता: एका नर्समागे एक रुग्ण वाढला की शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या मृत्यूची शक्यता 7 टक्क्यांनी वाढते आणि नर्सच्या बर्नआउटची 23 टक्क्यांनी. आपल्या भारतीय परिचर्या परिषदेचा निकष शिकवणाऱ्या रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक परिचारिका, असा आहे. माझ्या वॉर्डात रात्री 40 बेडना तिघी असायच्या. एक रजेवर गेली की दोघी.

ताणमुक्तीचं शिबिर आमच्याकडेही झालं. दुपारी अडीचला, म्हणजे सकाळची पाळी ओव्हर देतेय, दुपारची घेतेय आणि रात्रीची घरी झोपलीय. आमच्या वॉर्डाच्या चार सह्या हव्यात, असा अधिसेविकांकडून (मेट्रनकडून) निरोप आला. एक मुलगी गेली. बाकी तिघींच्या सह्या मी केल्या, त्या तेव्हा पेशंटना पालथं-उताणं करत होत्या.