ऑपरेटर ओव्हरलोडिंग नाही म्हणून जावा स्वच्छ?

प्रोग्रामरांच्या गप्पांत एक मत कायम फिरत असतं: ऑपरेटर ओव्हरलोडिंग (‘+’, ‘==’ सारख्या चिन्हांना आपल्या क्लाससाठी आपला अर्थ देणं) म्हणजे कोडचा खेळखंडोबा, जावाने ते घेतलं नाही म्हणून जावा वाचायला सोपी. सोबत ठरलेली कारणंही असतात.

‘+’ ला कुणीही काहीही करायला लावेल.

लावेल, पण काहीही नाही. सी++ मध्ये दोन इंटची, म्हणजे साध्या पूर्णांकांची, बेरीज बदलता येत नाही. निदान एक ऑपरंड (चिन्ह ज्यावर काम करतं ती किंमत) तुमच्या क्लासचा किंवा ईनमचा (ठरावीक नावांच्या यादीचा प्रकार) लागतो. ऑपरेटरांचा अग्रक्रम हलत नाही, नवं चिन्ह काढता येत नाही. आणि ज्याला बेरजेच्या नावाखाली फाइल उडवायची आहे, तो ‘ॲड’ नावाच्या मेथडमध्येही उडवेल. तिथे जावा काय करणार?

जावात ही भानगडच नाही.

मग स्ट्रिंगा (मजकुराचे तुकडे) जोडणारा ‘+’ कोणाचा? भाषेने स्वतःला सवलत ठेवली, बंदी फक्त आपल्याला. तिची झळ पैशांचा हिशेब करणाऱ्यांना बसते, कारण तिथे बिगडेसिमल (अचूक दशांश आकड्यांचा जावाचा क्लास) वापरावं लागतं. (किंमत + कर) * नग हे साधं गणित किंमत.ॲड(कर).मल्टिप्लाय(नग) होतं. कर्जाच्या हप्त्याचं सूत्र असं लिहून बघा, कंस मोजता मोजता नाकी नऊ येतात. त्यात कुणी नुसतं एकूण.ॲड(कर); लिहून पुढे गेलं, तर कंपायलर गप्प आणि ‘एकूण’ जिथल्या तिथे, कारण उत्तर नव्या ऑब्जेक्टमध्ये येतं आणि ते कुणी धरलेलंच नसतं.

‘==’ ची गंमत तर वेगळीच. दोन इंटीजर (पूर्णांक ठेवणारं ऑब्जेक्ट) व्हेरिएबलांत १२७ टाका, तुलना खरी. १२८ टाका, खोटी! -१२८ ते १२७ ची ऑब्जेक्ट्स जावा कॅशमधून देते आणि ‘==’ किंमत न पाहता ऑब्जेक्ट तेच आहे का ते पाहतो. यालाच स्वच्छ म्हणायचं का?

वेग कमी होतो.

सी++ मध्ये ऑपरेटरसाठी कोणतं फंक्शन चालवायचं हे कंपाइल होतानाच ठरतं. साध्या फंक्शन कॉलइतकाच खर्च, बरेचदा तोही नाही.

एक आक्षेप मात्र मला मान्य आहे, पण तो सहसा कुणी घेत नाही. सी++ मध्ये ‘&&’ (‘आणि’चं चिन्ह) ओव्हरलोड केला, की डावी बाजू खोटी निघाली तर उजवी तपासायची नाही ही हमी जाते. कॉटलिन या जावाच्या जवळच्या भाषेने ‘+’ ला मोकळीक देऊन ‘&&’ ला हात लावू दिलेला नाही. तिथे ‘==’ सुद्धा ‘इक्वल्स’ला (दोन ऑब्जेक्ट्स समान आहेत का ते सांगणारी मेथड) विचारतो. फक्त बिगडेसिमलचे २.० आणि २.०० त्याने तपासू नका: जावाच्या ‘इक्वल्स’मध्ये दशांशस्थळंही जुळावी लागतात. तिथे ‘कंपेअरटू’च हवं.