बाटली भरलेली परत आली होती

आज संध्याकाळी दुकानात जे पाहिलं ते डोक्यातून जात नाहीये, म्हणून लिहायला बसलेय. लांबेल.

शाळेच्या सामानाची गर्दी होती. माझ्या पुढे एक बाई आणि त्यांचा मुलगा, पहिलीत जाणारा असावा. बाईंच्या हातात यादी, काउंटरवर दप्तर, डबा, बाटली, कंपासपेटी असा ढीग. त्या मुलाने डबा उचलला आणि कडी उघडायला लागला. अगदी मन लावून. जीभ दातांत धरलेली, डबा पोटाशी घट्ट, दोन्ही अंगठे कडीखाली. कडी अर्धी वर आली होती हो! मी पाहिली. तेवढ्यात आईने डबा काढून घेतला. "ठेव तो, तुटेल. घरी गेल्यावर बघ." डबा पिशवीत गेला, पोराने हात खिशात घातले आणि ते दुसरीकडे बघायला लागलं.

एवढंच झालं. कोणी ओरडलं नाही, कोणी रडलं नाही. पण मला इतका राग आला की जे घ्यायला गेले होते ते न घेताच बाहेर पडले.

शाळेत तो डबा कोण उघडणार आहे? आई? उघडायचा त्यालाच आहे ना? मग ज्याला वर्षभर रोज ती कडी उघडायची आहे त्याच्याच हातातून डबा का काढून घेतला?

माझी मोठी लेक पहिलीत गेली त्या दिवसाचं सांगते. माझ्या जवळच्या काही जणींना माहीत आहे, बाकी कोणाला मी सांगितलं नव्हतं. तिच्यासाठी मी खूप शोधून एक बाटली घेतली होती. अर्धा लिटरची, गळत नाही अशी. झाकणाच्या मागे एक बारीक खटका, तो आधी बाजूला सरकवायचा, मग पुढचं बटण दाबायचं, मग झाकण उघडतं. घरी आणल्यापासून ती बाटली मीच भरायचे, मीच बंद करायचे, मीच उघडून तिच्या हातात द्यायचे. शाळा सुटली, लेक बाहेर आली, दप्तर मी हातात घेतलं तर सकाळी दिलं होतं तेवढंच जड. बाटली काढून पाहिली. काठोकाठ भरलेली.

"पाणी नाही प्यायलीस?"

"तहानच नव्हती."

घरी येऊन तिने उभ्याउभ्या दोन पेले पाणी प्यायलं, तिसरा मागितला. आणि रात्री दिवा मालवल्यावर, भिंतीकडे तोंड करून, हळूच म्हणाली, "आई, ती उघडत नव्हती. बाईंनी विचारलं पण मी तहान नाही म्हटलं. बाकी सगळ्यांची उघडत होती."

तिला आता काही आठवत नाही त्यातलं. मला ती भरलेली बाटली आजही हातात जाणवते.

कोणी म्हणेल, बाई असतातच की वर्गात मदतीला. असतात, आणि बिचाऱ्या करतातही. पण हिशेब करा. ३० मुलं, प्रत्येकाचं एक झाकण, अर्धा मिनिट जरी धरला तरी १५ मिनिटं झाकणांतच गेली. मधली सुट्टी संपली. आणि मुळात मूल मागेल तेव्हा मदत मिळणार. नव्या जागी, पहिल्या दिवशी, सगळ्यांसमोर "मला येत नाही" हे सहा वर्षांच्या मुलाने म्हणायचं? आपल्यातले किती मोठे लोक म्हणतात?

बोटांत ताकद नाही म्हणून चिडू पण नका पोरांवर. आपल्या मनगटात आठ छोटी हाडं असतात. जन्माच्या वेळी ती सगळी कूर्चाच, म्हणजे कानाच्या पाळीवरच्या भागासारखी मऊ, लवचिक असतात, एकेक करून वर्षानुवर्षं हाड बनत जातं, आणि शेवटचं तयार व्हायला सुरुवात होता होताच वय आठच्या पुढे जातं. म्हणजे पहिलीतलं मूल अजून पुरतं न घडलेल्या मनगटाने ती घट्ट कडी ओढत असतं. आपण दोन बोटांनी टक्कन उघडतो आणि म्हणतो, "अरे, सोपं तर आहे!"

दप्तराचं तर बोलायलाच नको. आज घरी आल्यावर मी वजनकाटा काढला. धाकट्याचं दप्तर मी गेल्या आठवड्यात आणून ठेवलंय, त्याची शाळा आठ दिवसांवर आलीये. रिकामं दप्तर ९०० ग्रॅम. रिकामं! धाकटा १८ किलोचा आहे. मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त ओझं नको असं डॉक्टर सांगतात, म्हणजे त्याचं १ किलो ८०० ग्रॅम झालं. त्यातले ९०० नुसत्या दप्तराचे. अर्धा लिटर पाण्याचे ५००, स्टीलच्या बाटलीचे स्वतःचे २५० धरा. उरले किती? १५० ग्रॅम. त्यात डबा, वह्या, पुस्तक, कंपासपेटी सगळं बसवा आता. पाठीचं दुखणं दप्तरामुळेच होतं असं ठामपणे सिद्ध झालेलं नाही, हेही वाचलंय मी, मान्य. पण जिना चढताना पुढे वाकलेलं पोर मला दिसतं ना, त्याला सिद्ध करायला काय लागतं?

आणि ते दप्तर मोठंच का घेतो आपण? "दोन वर्षं चालेल." दप्तर दोन वर्षं चालावं म्हणून पोराने दोन वर्षं कमरेखाली लोंबणारी पिशवी वागवायची? पाठीच्या लांबीपेक्षा लांब दप्तर नको. दोन्ही पट्टे रुंद आणि दोन्ही खांद्यांवर, आणि जड पुस्तक आत पाठीला लागून, बाहेरच्या कप्प्यात नाही. आठ कप्पे कशाला हवेत? सहा वर्षांच्या मुलाला आठ कप्प्यांत रबर सापडेल का? दोन कप्पे पुरे. चेनची टिकली बारीक असेल तर तिला जाड दोरीचा फास बांधा, मूठभर बोटांनी ओढता येतो. मी लेकीच्या दप्तराला बुटाच्या जुन्या नाडीचा बांधला होता. बाटलीच्या प्रकारानंतर. आधी सुचलं नाही.

त्या एका बाटलीने मला सगळं पुन्हा तपासायला लावलं. रोज संध्याकाळी दप्तर जमिनीवर ठेवायचं आणि मी हात मागे बांधून बसायचं. खरंच मागे बांधून, कारण माझे हात आपोआप पुढे जायचे. तिने एकेक वस्तू उघडायची, वापरायची, बंद करायची, जागेवर ठेवायची. जी तिला तीनदा करून जमली नाही ती वस्तू दप्तरातून बाहेर. मग ती कितीही छान असो, कोणीही भेट दिलेली असो. दोन मजली कंपासपेटी अशीच गेली, आत्याने दिलेली. आत्या रागावली थोडी. रागावू दे. साध्या कापडी पाऊचमध्ये दोन पेन्सिली, एक पांढरं साधं रबर, एक टोकयंत्र. लहान हातांना जाड तिकोनी पेन्सिल बरी पडते, आणि शिसं बघून घ्या, पेन्सिलीवर एचबी लिहिलेलं असतं त्यापेक्षा टूबी मऊ, न दाबता उमटते. लेक डावखुरी आहे, तर तिची कात्रीसुद्धा डावखुऱ्यांची वेगळी असते हे मला तेव्हा कळलं. तोवर मी तिला "नीट धर" म्हणत होते.

बुटांवरून आमच्या घरी वाद झाला होता. नाडीचेच घ्या, शिकेल, असं मोठ्यांचं म्हणणं. शिकेलच, मी कुठे नाही म्हणते? पण सुट्टीच्या दिवशी, घरी, पायरीवर बसून शिकेल. शाळेत सुटलेली नाडी घेऊन पळायला नको. वेल्क्रोचे घ्या सरळ. स्वित्झर्लंडच्या एका इंजिनिअरला, जॉर्ज द मेस्ट्रालला, फिरून आल्यावर कुत्र्याच्या केसांत अडकलेल्या कुसळांवरून ते सुचलं, १९५५ साली पेटंट मिळालं, आणि माझ्या मते पहिलीतल्या मुलांवर एवढे उपकार फार थोड्यांनी केलेत. आणि बूट पायात घालून उभं करून घ्या, अंगठ्यापुढे बोटभर जागा हवी.

नाव घालताना एक करा. दप्तराच्या बाहेर मोठ्या अक्षरात नको, आतल्या बाजूला. अनोळखी माणसाने नावाने हाक मारली की मुलाला वाटतं हा आपला ओळखीचा. आणि वाचता न येणाऱ्या मुलाला नावाचा काय उपयोग? एखादी खूण ठरवा, त्यालाच निवडू द्या. आमच्याकडे मासा होता. डबा, बाटली, स्वेटर, सगळ्यावर तोच निळा मासा. गळ्यात अडकवायची बाटली मात्र देऊ नका, घसरगुंडीवर तो पट्टा अडकला तर काय होईल याचा विचारही करवत नाही. कपड्यांचा जादा जोड पिशवीत ठेवाल तर तो कुठे आहे आणि कशासाठी आहे हे त्याला सांगून ठेवा. सगळ्यांचं होतं कधीतरी, हेही सांगा. आपण गुपचूप ठेवतो, आणि मूल ओल्या कपड्यांत बसून राहतं कारण त्याला माहीतच नसतं. म्हणजे पुन्हा तेच, वस्तू दप्तरात आहे आणि मूल तहानलेलं.

लिहिता लिहिता राग उतरलाय माझा. त्या बाईंचा विचार करतेय. हातात यादी होती, कपाळावर घाम होता, कदाचित कामावरून तशाच आल्या असतील. डबा तिथे तुटला असता तर भरून द्यावा लागला असता. त्यांनी मुद्दाम काही केलं नाही. मीही नव्हतं केलं. मी तर इतकं शोधून, इतक्या प्रेमाने ती बाटली घेतली होती. म्हणूनच जास्त लागतं. मी तिथे त्यांना काही बोलले नाही ते बरंच झालं. पण एक वाक्य बोलायला हवं होतं का, प्रेमाने, "ताई, उघडू दे त्याला, येतंय बघा"? माहीत नाही. कडी अर्धी वर आली होती.

आणि आता खरं सांगते, बाहेर पडल्यावर घरापर्यंत मला दुसरंच खात होतं. धाकट्याचं ते ९०० ग्रॅमचं दप्तर मी त्याला न नेता आणलंय. घाईत होते, रंग त्याच्या आवडीचा दिसला, उचललं. लेकीच्या वेळी एवढं सगळं होऊन. मघाशी त्याला म्हटलं, चेन लावून दाखव. कोपऱ्यावर वळते तिथे अडकली. दोनदा ओढून त्याने माझ्याकडे पाहिलं. मी हात मागे घेतले. तिसऱ्यांदाही अडकलीच. मग त्याने दप्तर माझ्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाला, "ताईचं जुनं देशील? त्याला दोरी आहे."

ते माळ्यावर आहे. आत्ता काढते.