सरांना उठवू का?

गेल्या महिन्यात आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर एका बातमीवरून वाद पेटला. वॉर्डातल्या पेशंटची तब्येत रात्रभर खालावत गेली, पहाटे तो दगावला आणि नातेवाइकांनी तोडफोड केली, अशी ती बातमी होती. महाराष्ट्रात अशी बातमी कोणाला नवी नाही. अर्ध्या गटाचे म्हणणे, सिस्टर मोबाइल बघत बसल्या असणार. उरलेल्या अर्ध्याचे म्हणणे, लोकांना डॉक्टरात देव हवा असतो आणि तो सापडला नाही की हातात दगड येतो. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स राज्यातल्या एका मेडिकल वॉर्डात बारा वर्षे काढलेली नर्स म्हणून मी एवढेच लिहिले, की इथे नाडी, श्वास, बीपी अशा निरीक्षणांचा तक्ता रंगीत असतो आणि कोणाला कधी बोलवायचे ते त्या रंगावरून ठरते. माझा मावसभाऊ फिजिशियन आहे. त्याने लगेच लिहिले, "ताई, तक्ते भरून पेशंट वाचत नाहीत. नजर लागते. तुमच्याकडचे तक्ते तुमच्याकडेच बरे."

'तुमच्याकडचे' हा शब्द मला लागला, हे आधीच कबूल करते. पण मुद्दा नजरेचा आहे, म्हणून त्याबद्दल आधी.

अनुभवी नजर असते, यावर माझा विश्वास आहे. काही सिस्टर पेशंटच्या पायथ्याशी उभ्या राहूनच "हा मला बरा वाटत नाही" असे म्हणायच्या आणि बहुतेक वेळा ते खरे ठरायचे. तरीही १९९० साली अमेरिकेत, रुग्णालयातच हृदयक्रिया बंद पडलेल्या ६४ पेशंटांचे कागद तपासले गेले, तेव्हा त्यांतल्या ८४ टक्के पेशंटांच्या बाबतीत आधीच्या आठ तासांत बिघाडाच्या किंवा नव्या तक्रारीच्या नोंदी सापडल्या. म्हणजे कोणीतरी पाहिले होते आणि लिहिलेही होते. पाहणे आणि कोणीतरी धावत येणे, यांच्या मधला जिना कोसळलेला होता, आणि माझ्या भावाची नजर कितीही तीक्ष्ण असली तरी रात्री दोन वाजता ती स्वतःच्या घरी झोपलेली असते.

तो जिना कुठे कोसळतो, हे मला महाराष्ट्रातल्या शिकाऊ वर्षांपासून ठाऊक आहे. रात्रपाळीत एखाद्या पेशंटचा श्वास वाढलेला दिसला की आमच्या डोक्यात पहिला प्रश्न त्याच्या फुप्फुसाचा नसे, तो असे, "सरांना उठवू का?" मागच्या वेळी उठवले तेव्हा काय ऐकावे लागले, आज ड्यूटीवर कोण आहे, पेशंट उगाच घाबरला असेल तर आपले हसे होईल का, हा सगळा हिशोब होईपर्यंत अर्धा तास सहज जाई. आरएमओ, म्हणजे रात्री ड्यूटीवर असलेला निवासी डॉक्टर, स्वतः नवखा असला तर तो त्याच्या वरच्यांबद्दल हाच हिशोब पुन्हा पहिल्यापासून मांडत असे. आणि टीपीआर चार्ट, म्हणजे टेम्परेचर, पल्स, रेस्पिरेशनचा तक्ता! ज्याच्या नावातच श्वास आहे, त्या चार्टात 'आर'चा रकाना वरपासून खालपर्यंत २०, २०, २० असा भरलेला असायचा. टेम्परेचरसाठी थर्मामीटर होता, नाडीसाठी मनगट होते; श्वासासाठी मात्र पेशंटच्या छातीकडे एक मिनिट काही न करता बघत उभे राहावे लागते, आणि चाळीस पेशंटांच्या वॉर्डात 'काही न करता' उभे राहिलेली सिस्टर कोणाच्याही डोळ्यांत खुपते. बिघाडाची चाहूल पुष्कळदा सगळ्यांत आधी तिथेच लागते, हे आम्हाला पुस्तकात शिकवले होते.

इथलेही लोक काही उपजत शहाणे नव्हते. २००५ साली सिडनीत, गोल्फचा चेंडू डोक्याला लागलेली सोळा वर्षांची मुलगी रुग्णालयात असताना गेली. तिच्या मृत्यूची कोरोनरकडे, म्हणजे अशा मृत्यूंची चौकशी करणाऱ्या न्यायाधिकाऱ्याकडे, चौकशी झाली, २००८ मध्ये विशेष चौकशी आयोगाचे पीटर गार्लिंग यांनी राज्यातल्या सरकारी रुग्णालयांचा अहवाल दिला, आणि २०१० पासून 'बिटविन द फ्लॅग्ज' ही पद्धत राज्यभर आली. नाव समुद्रकिनाऱ्यावरून घेतलेले आहे: लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधे पोहा, म्हणजे जीवरक्षकाची नजर तुमच्यावर राहील. निरीक्षण पिवळ्या पट्ट्यात गेले की टीम लीडरशी बोलायचे आणि गरज असेल तर अर्ध्या तासात डॉक्टरने येऊन बघायचे; लाल पट्ट्यात गेले की थेट रॅपिड रिस्पॉन्स, म्हणजे तातडीने धावत येणारे पथक. इंग्लंडमध्ये २०१२ पासून हेच काम प्रत्येक निरीक्षणाला गुण देऊन, त्यांची बेरीज करून होते. तक्ता पेशंटला वाचवत नाही, हे भावाचे म्हणणे मला मान्य आहे. तक्ता फक्त "उठवू का?" हा प्रश्न सिस्टरच्या हातून काढून घेतो. सहा महिन्यांपूर्वी पास झालेली मुलगी माझ्या वॉर्डात इमर्जन्सी बटण दाबते आणि धावत आलेल्या रजिस्ट्रारला, म्हणजे वरच्या डॉक्टरला, तिने फक्त कारण सांगायचे असते, माफी मागायची नसते.

हे लिहिताना मी सोयीचे तेवढेच सांगते आहे, हे भाऊ नक्की म्हणेल. मग गैरसोयीचेही सांगते. अशा धावत येणाऱ्या पथकाची सुरुवात १९९० मध्ये सिडनीच्या लिव्हरपूल हॉस्पिटलमध्ये झाली, पण ऑस्ट्रेलियातल्या २३ रुग्णालयांत त्याची रीतसर परीक्षा घेतली, तेव्हा २००५ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत मृत्यू लक्षणीय कमी झालेले दिसले नाहीत. निकषात बसणाऱ्या कितीतरी पेशंटांसाठी कोणी बोलावलेच नव्हते. आणि पट्टे आले म्हणून इथले सगळे कन्सल्टंट गोड बोलतात, असेही नाही.

तरी एक तुलना मला सोडवत नाही. आमच्या वॉर्डात भिंतीवर 'रीच' या, नातेवाइकांसाठीच्या योजनेचा कागद आहे: आपला माणूस बिघडतो आहे असे वाटले तर आधी नर्सशी बोला, ती ऐकत नसेल तर इन-चार्जला सांगा, तरीही काळजी वाटली तर या नंबरवर स्वतः फोन करा. तिकडे महाराष्ट्रातल्या रुग्णालयांच्या भिंतीवर २०१० च्या कायद्याचा फलक असतो: डॉक्टर-कर्मचाऱ्यांवर हल्ला केल्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपर्यंत दंड. फलक हवाच, मार खाल्लेल्या मैत्रिणी मला आहेत. पण त्या भिंतीवर रात्री दोन वाजता नातेवाइकाला उपयोगी पडेल असा एकही आकडा नाही.

एका सिस्टरमागे किती पेशंट, हा भावाचा सर्वांत बिनतोड मुद्दा ठरला असता, आणि तोच त्याने मांडला नाही. मी रात्री सात-आठ पेशंट बघते आणि तरीही कुरकुरते.

आता जे गटावर लिहिले नाही ते लिहिते. तीन वर्षांपूर्वी बाबांना न्यूमोनिया झाला म्हणून तिकडे एका रुग्णालयात ठेवले होते. माझी सकाळची पाळी होती. इथे साडेसहा, तिकडे रात्रीचे दोन. बाबांना झोप येत नाही म्हणून दादाने व्हिडिओ कॉल लावला. बोटावरच्या क्लिपवर ऑक्सिजन ९५ दिसत होता, दादा म्हणाला बीपीही चांगले आहे. मी छातीवरच्या चादरीकडे बघत अर्धे मिनिट श्वास मोजले. सोळा. म्हणजे मिनिटाला बत्तीस. माझ्या वॉर्डात हा आकडा लाल पट्ट्यात येतो आणि मी कोणाला न विचारता बटण दाबते. दादाला मी म्हटले, "जमलं तर जरा सिस्टरना विचारतोस का?" तो म्हणाला, "त्या आत्ताच येऊन गेल्या, काळजी करू नका म्हणाल्या. सकाळी राऊंडला सर येतीलच." मी "बरं" म्हटले. आधीच्या वर्षी आईच्या ऑपरेशनच्या वेळी मी फोनवरून चार प्रश्न विचारले होते आणि नातेवाइकांत 'परदेशातली शहाणी' झाले होते; पुन्हा ते नको होते. आठ वाजता मी आमच्या नव्या मुलीला समजावत होते की शंका आली तरी बोलाव, लाजू नकोस. साडेदहाला लॉकरमधला फोन पाहिला, तर दादाचा निरोप होता: बाबांना आयसीयूत हलवले.

बाबा अकरा दिवसांनी घरी आले. पुढे सुट्टीवर गेले तेव्हा मी केसपेपरची झेरॉक्स मागून घेतली, खरे तर चूक शोधायलाच. सिस्टर नोट्समध्ये रात्री १.४० ची नोंद होती, आरएमओना कळवले, २.५० ची होती, पुन्हा कळवले, आरएमओ कॅज्युअल्टीत. दादाला "काळजी करू नका" म्हणून ती गेली होती ती फोन करायलाच. आणि 'आर'च्या रकान्यात, वरच्या सगळ्या विसांच्या खाली, ३३ लिहिले होते. अर्धे मिनिट मोजून दुप्पट केले तर विषम आकडा येत नाही.