साडीत उशी कोंबली की झाला विनोद?

काल रात्री जेवताना टीव्हीवर विनोदी कार्यक्रम लावला आणि घास जाईना. पुन्हा तेच! पुरुष नट, अंगावर भडक साडी, छातीला आणि मागे उशा कोंबलेल्या, पदर मुद्दाम पाडायचा, उशी सरकली की दोन्ही हातांनी वर ढकलायची आणि तेवढ्यावर मागून तो ढँण्ण आवाज. परीक्षक बाई टेबल बडवून हसतायत. संवाद काय, तर बायको जाडी, बायको काळी, बायको माहेरी गेली म्हणून नवरा नाचतोय. बाकीच्यांना हसू येतं कसं याचाच मला संताप येतो.

आणि त्याच स्टेजवर एक चांगली विनोदी नटी उभी, हातात ट्रे! तिला एकच वाक्य, "अहो, चहा घेताय ना?" बस. टायमिंग असलेली बाई चहा देणार आणि उशीवाला पंच मारणार.

पुरुषाने साडी नेसू नये असं नाही हो. बालगंधर्वांनी नेसली तर घरंदाज बायका त्यांच्यासारख्या साड्या नेसायला लागल्या. आणि तेव्हा बायकांना सहसा नाटकात काम करू देत नव्हते, आज काय अडलंय? 'चला हवा येऊ द्या' हा विनोदी कार्यक्रम २०१४ ला सुरू झाला, त्या पुरुषांच्या टोळीत वर्षानुवर्षं एकटी श्रेया बुगडे, आणि बाकीच्या बायका कोण, तर भाऊ कदम आणि सागर कारंडे साडी नेसून. एकटी बाई त्या सगळ्यांना पुरून उरली, मग चार घ्यायला काय जात होतं? 'महाराष्ट्राची हास्यजत्रा'मध्ये नम्रता संभेरावचं लॉली हे पात्र बघा, सगळी गंमत त्या बाईच्या तोऱ्यात आहे, उशी लागत नाही. तिथल्याच वनिता खरातने २०२१ मध्ये बॉडी पॉझिटिव्हिटीसाठी, म्हणजे आहे ते शरीर मिरवा हे सांगायला, बिनधास्त फोटोशूट केलं, तरी लेखकांना जाडेपणापलीकडे पंच सुचत नाही म्हणजे कमालच.

'होम मिनिस्टर' या टीव्ही कार्यक्रमाचाही राग आहेच माझा, २००४ पासूनचा. बाई बँकेत साहेब असो नाहीतर शेतात राबणारी, आधी उखाणा, मग लग्न कसं जमलं, मग पैठणी. तिच्या कामाचं कौतुक कधी पोटभर ऐकलं नाही.

बाईला एसटी कंडक्टर करा, तलाठी करा, सोसायटीची भांडखोर सेक्रेटरी करा, बावळट होऊ दे समोरच्या पुरुषाला. आणि लिहायला बायका घ्या. आत्ता किती आहेत ते बघावं म्हटलं तर शेवटची नावं इतकी जोरात पळवतात की एक वाचता येत नाही.