सहरावींची मान्यता आणि आपला गोवा : एका प्रतिक्रियेला उत्तर

काका, नमस्कार.

भारताने १९८५ साली सहरावी प्रजासत्ताकाला, म्हणजे मोरोक्को हक्क सांगत असलेल्या पश्चिम सहारातल्या लोकांच्या राष्ट्राला, दिलेली आणि २००० साली काढून घेतलेली मान्यता परत द्यावी, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. त्यावर तुम्ही चांगलेच रागावलात. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: हा सरळसरळ फुटीरतावाद आहे, आज पश्चिम सहाराची बाजू घेतली तर उद्या काश्मीरबद्दल आपण कोणत्या तोंडाने बोलणार? वाळवंटात तंबू ठोकून बसलेल्यांचं राष्ट्र कागदावरचं, त्याला मान्यता दिली काय अन् न दिली काय. आणि इंदूरात बसून मोरोक्कोला दुखावण्याच्या गोष्टी करणाऱ्यांनी पेरणीच्या दिवसांत देपालपूरच्या सोसायटीपुढची डीएपी खताची रांग बघून यावी.

रांगेचं शेवटी बोलते. आधी फुटीरतावाद, कारण तो शब्द मला लागला.

तुम्ही मूळचे उज्जैनचे, त्यामुळे राजाभाऊ महाकाळ कोण हे मी तुम्हाला सांगायला नको. १९५५च्या ऑगस्टमध्ये गोवा सत्याग्रहात पोर्तुगीजांच्या गोळीने गेलेला हा माळव्याचा माणूस. त्या वेळी पोर्तुगालचा दावा काय होता, आठवून बघा. गोवा ही वसाहतच नव्हे, तो आमचा सागरापलीकडचा प्रांत आहे, असं लिस्बन सांगत होतं आणि १९५१ साली राज्यघटनेत तशी दुरुस्तीही करून बसलं होतं. ‘प्रांत’ म्हटलं की भारताची मागणी आपोआप दुसऱ्याच्या घरात ढवळाढवळ ठरत होती. हा डाव संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने डिसेंबर १९६०मध्ये मोडला. वसाहतींच्या स्वातंत्र्याचा ठराव क्रमांक १५१४ आधी आला, आणि दुसऱ्याच दिवशीच्या ठरावात गोव्यासह पोर्तुगालचे हे सगळे ‘प्रांत’ परकीय सत्तेखालचे प्रदेश आहेत असं नावं घेऊन लिहिलं गेलं. वर्षभराने आपलं सैन्य गोव्यात शिरलं, सुरक्षा परिषदेत आपल्याविरुद्धचा ठराव सोव्हिएत नकाराधिकारामुळे बारगळला, आणि तरीही गोवा भारताचा आहे हे पोर्तुगालने मान्य करायला १९७४ उजाडावं लागलं. मान्यतेसाठी थांबणं म्हणजे काय, हे आपल्याला बाहेरून शिकायची गरज नाही.

आता सहाराकडे या. ती स्पेनची वसाहत होती. गोव्यासारखीच तीही १९६३पासून संयुक्त राष्ट्रांच्या परकीय सत्तेखालच्या प्रदेशांच्या यादीत आहे, आजही आहे. स्पेन निघायच्या तयारीत असताना मोरोक्को आणि मॉरिटानिया दोघांनी हक्क सांगितला. हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १६ ऑक्टोबर १९७५ला मत दिलं: काही टोळ्यांची मोरोक्कोच्या सुलतानाशी निष्ठा होती हे खरं, पण त्यातून या भूमीवर सार्वभौमत्व सिद्ध होत नाही आणि तिथल्या लोकांचा स्वयंनिर्णयाचा हक्क अबाधित राहतो. तीन आठवड्यांत मोरोक्कोच्या राजाने साडेतीन लाख माणसं सीमेपलीकडे चालवत नेली. त्याच नोव्हेंबरात माद्रिदमध्ये स्पेनने सहरावींना न विचारता प्रदेशाचा कारभार मोरोक्को आणि मॉरिटानियाकडे सोपवून टाकला. शेवटचे स्पॅनिश अधिकारी निघत असताना, २७ फेब्रुवारी १९७६ला, सहरावींच्या पोलिसारिओ या स्वातंत्र्य आघाडीने प्रजासत्ताक जाहीर केलं.

यात फुटून निघणं कुठे आलं? जे कधी कायद्याने जोडलंच गेलं नाही, ते फुटणार कशातून? काश्मीरच्या बाबतीत विलीनीकरणाचा करार आहे, तो आपण जगापुढे ठेवतो. सहरावींनी मोरोक्कोशी असा कुठलाही करार केलेला नाही. शिवाय १९८५ ते २००० या पंधरा वर्षांत दिल्लीत किती सरकारं आली आणि गेली, त्यांपैकी कोणीही काश्मीरवरची भूमिका तसूभर सोडली नव्हती. मान्यता मात्र होती. तुम्ही जी अडचण सांगता ती त्यांना का आली नाही, याचा विचार करावा ही विनंती.

दुसरा मुद्दा कागदावरच्या राष्ट्राचा. एवढं खरं की सुमारे ऐंशी टक्के प्रदेश मोरोक्कोच्या ताब्यात आहे आणि मध्ये २,७०० किलोमीटरचा वाळूचा बांध, त्याच्या बाजूने सुरुंग. सरकार अल्जीरियात तिंदूफजवळच्या छावण्यांतून चालतं. त्या छावण्यांना सहरावींनी आपल्या सुटलेल्या गावांची नावं दिली आहेत: अल अयून, स्मारा, दाखला. तिथे जन्मलेल्यांना आता नातवंडं झाली. १९९१ला मोरोक्को आणि पोलिसारिओत युद्धबंदी झाली ती सार्वमताच्या वचनावर: स्वतंत्र व्हायचं की मोरोक्कोत जायचं, हे सहरावींनी मतदानाने ठरवायचं. सार्वमत १९९२ला व्हायचं होतं. मतदार कोण यावरच वर्षानुवर्षं घोळ घातला गेला आणि ते आजतागायत झालेलं नाही. २०२०मध्ये युद्धबंदीही तुटली. ऑक्टोबर २०२५मध्ये सुरक्षा परिषदेने मोरोक्कोची स्वायत्ततेची योजना वाटाघाटींचा आधार मानली. ज्यांना मत द्यायचं वचन होतं, त्यांना आता वाटाघाटीला बसा म्हणतात.

पण कागदी मान्यतेने काय होतं, याचं उत्तर एका जहाजात आहे. २०१७च्या मे महिन्यात ‘चेरी ब्लॉसम’ नावाचं जहाज पश्चिम सहारातल्या बू क्राआ खाणीचा पन्नास हजार टनांहून अधिक फॉस्फेट, म्हणजे खताचा कच्चा माल, घेऊन न्यूझीलंडला निघालं होतं. ते दक्षिण आफ्रिकेच्या बंदरात थांबलं आणि सहरावी प्रजासत्ताकाने तिथल्या न्यायालयात जाऊन ते अडकवलं. पुढच्या वर्षी निकाल लागला: माल सहरावींचा. हे घडू शकलं कारण दक्षिण आफ्रिकेने २००४ साली त्यांना मान्यता दिली होती आणि म्हणून ते तिथल्या न्यायालयात राष्ट्र म्हणून उभे राहू शकले. तंबूतल्या माणसांनी जहाज थांबवलं, काका, ते एका मान्यतेच्या बळावर. म्हणूनच मोरोक्को एकेक देशाच्या मागे लागून ती मागे घ्यायला लावतो. ऐंशीहून अधिक देशांनी कधी ना कधी दिलेली मान्यता, त्यांतल्या कितीतरी देशांनी काढून घेतली वा गोठवली. केनियाच्या राष्ट्राध्यक्षांनी तर २०२२मध्ये शपथविधीच्या दुसऱ्याच दिवशी ट्विटरवर ती रद्द केली आणि थोड्या वेळाने ते ट्विट पुसलं. एका समाजाचं भवितव्य इतक्या हलक्या हाताने उचलून ठेवलं जातं, याचा मला संताप येतो.

आता डीएपी. माझ्या माहेरची शेती सांवेरकडे आहे, रब्बीच्या तोंडावर पहाटे आधार कार्ड घेऊन रांगेत उभी राहणारी माणसं माझ्या घरातली आहेत. डीएपीला लागणारं फॉस्फोरिक आम्ल भारत मोठ्या प्रमाणात मोरोक्कोकडून घेतो आणि तिथल्या सरकारी ओसीपी कंपनीची पारादीपच्या कारखान्यात भागीदारीही आहे. हे मी नाकारत नाही. पण मोरोक्कोचा बहुतांश फॉस्फेट खुद्द मोरोक्कोत निघतो, खुरिब्गा आणि आसपासच्या खाणींतून. बू क्राआचा वाटा त्यात लहान आहे. तो वगळून खरेदी करता येते. आणि ओसीपीलाही भारतासारखं गिऱ्हाईक सोडणं परवडणारं नाही. रांगेची भीती एकट्या आपल्यालाच का वाटावी?

तुम्ही शेवटी विचारलंत, मला नेमकं हवंय तरी काय. भारताने २००० साली काढलेली मान्यता परत द्यावी, हे तर हवंच. ते लगेच होत नसेल तर निदान दोन गोष्टी आज करता येतील: बू क्राआचा माल भारतीय बंदरांत उतरू नये, आणि संयुक्त राष्ट्रांत आपल्या प्रतिनिधीने स्वायत्ततेबरोबर सार्वमताचंही नाव घ्यावं. यातलं कोणतं तुम्हाला देशहिताच्या विरोधात वाटतं, ते जरूर लिहा. मी उत्तर देईन.