‘मालवण’ लहान आहे, आणि तेच बरं आहे : एका देवगडकरांना उत्तर

देवगडकर, नमस्कार.

मालवण शहर आणि ‘मालवण’ ही युद्धनौका यांच्यावरच्या माझ्या लेखाला तुम्ही चांगली चार परिच्छेदांची प्रतिक्रिया लिहिलीत. खाली दोन ओळींत उत्तर देऊन ती निकालात काढणं बरं दिसलं नसतं, म्हणून हे स्वतंत्र टिपण. ज्यांनी ती वाचली नाही त्यांच्यासाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो. नौदलाने मालवणचा काही खास सन्मान केलेला नाही, ‘म’ अक्षराची यादी करताना मालवण त्यात बसलं, इतकंच. नौकाही किरकोळ, तुमच्या शब्दांत ‘किनाऱ्यालगत घुटमळणारी होडी’. आरमाराचा खरा वारसा तुमच्या देवगड तालुक्यातल्या विजयदुर्गाचा, मालवण म्हणजे किल्ल्यावर जाणाऱ्या होड्यांचा धक्का. आणि या सोहळ्यांतून मालवणच्या माणसाच्या पदरात काय पडतं, हा शेवटचा सवाल.

‘म’चा मुद्दा आधी उरकतो, कारण त्यात वादाला फारशी जागा नाही. कोचीन शिपयार्डला २०१९ मध्ये ज्या आठ पाणबुडीविरोधी नौकांचं काम मिळालं, त्यांची नावं ‘म’ने सुरू होतात. कोलकात्याच्या गार्डन रीच गोदीला मिळालेल्या आठांची ‘अ’ने, त्यात आपल्या वसईजवळचा अर्नाळा आहे. पण कोचीनची यादी नुसत्या अक्षरावर बेतलेली नाही. माहे, मालवण, मांगरोळ, मालपे, मुल्की, मगदल्ला ही सगळी आपल्या किनाऱ्यावरची लहान बंदरं आहेत. शिवाय जवळजवळ हीच नावं १९८०च्या दशकात सोव्हिएत रशियाकडून घेतलेल्या किनारी सुरुंगशोधक नौकांना दिलेली होती. जुनी ‘आयएनएस मालवण’ त्यातलीच, फायबरच्या सांगाड्याची, पंचविसेक मीटरची. २००३ पर्यंत सेवेत होती. एक नौका निवृत्त झाली की तिचं नाव पुढच्या नौकेला द्यायचं, हा नौदलाचा शिरस्ता. ‘खांदेरी’चंच बघा : पहिली पाणबुडी १९६८ ते १९८९, दुसरी २०१९ मध्ये दाखल. तेव्हा मालवणचं नाव या यादीत पहिल्यांदा आलं नाही, ते परत आलं. ते आणताना कोणी इतिहासाचे दाखले काढून बसलं होतं, असा माझाही दावा नाही.

आता आकाराबद्दल. इथे मात्र मला तुमच्याशी मनापासून भांडायचं आहे.

‘मालवण’ साधारण ७८ मीटर लांब आहे. वजन हजार टनांच्या आसपास, वेग २५ नॉटपर्यंत. विनाशिकेच्या, म्हणजे मोठ्या लढाऊ जहाजाच्या, शेजारी उभी केली तर लहानच दिसेल. पण तिचा जो आकडा मला महत्त्वाचा वाटतो तो लांबीचा नाही, खोलीचा आहे. पाण्याखाली ती जेमतेम पावणेतीन मीटर जाते. तिला ढकलायला खाली लोंबणारे पंखे नाहीत, पाण्याचा झोत मागे फेकून ती चालते. मोठं जहाज जिथे तळाच्या भीतीने बाहेरच थांबेल, तिथे ही आत शिरू शकते.

आणि आत शिरून करायचं काय, तर पाणबुडी शोधायची. हे काम उथळ पाण्यात खोल समुद्रापेक्षा अवघड आहे. सोनार म्हणजे ध्वनी सोडून त्याच्या प्रतिध्वनीवरून पाण्याखालचं शोधणारी यंत्रणा. तिचा ध्वनी तळावर आपटतो, पृष्ठभागावर आपटतो, खडकांवरून परततो. वर मासेमारी नौकांच्या इंजिनांचा गलका असतोच. त्यात गरम आणि थंड पाण्याचे थर. त्या थरांच्या सांध्यावर ध्वनी वाकतो आणि खाली दडलेली पाणबुडी वरून ऐकूच येत नाही. म्हणून या नौकांना तळाशी बसवलेल्या सोनारबरोबर हवं तितकं खोल सोडता येणारं दुसरं सोनारही दिलेलं आहे, आणि सापडलं तर मारायला हलके पाणतीर (टॉर्पेडो) आणि रॉकेट. ९ डिसेंबर १९७१ ला दीवजवळच्या समुद्रात पाकिस्तानी पाणबुडीने आपली ‘खुकरी’ बुडवली, १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. ती आठवण असलेल्या नौदलात पाणबुडीमागे लागणाऱ्या नौकेला कोणी किरकोळ म्हणणार नाही.

आता मालवणच्या समुद्राकडे बघा. धक्क्यावरून सिंधुदुर्गाकडे होडी सरळ रेषेत जात नाही, हे तुम्हीही पाहिलं असेल. मध्ये खडक आहेत. काही भरतीला झाकलेले, काही ओहोटीलाही न दिसणारे. सिंधुदुर्ग ज्यावर उभा आहे ते कुरटे बेट किल्ल्यासाठी निवडलं गेलं त्यात या खडकांचा मोठा वाटा आहे. शत्रूचं खोल बुडणारं जहाज किल्ल्याजवळ येणार कसं? आलंच तर वाट दाखवायला इथलाच तांडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या, हवा. २५ नोव्हेंबर १६६४ ला मालवणच्या किनाऱ्यावरच्या मोरयाच्या धोंड्यापाशी पूजा होऊन काम सुरू झालं आणि १६६७ मध्ये किल्ला उभा राहिला. तटबंदी सगळ्यांना दिसते. मला त्याहून जास्त कौतुक वाटतं ते जागेच्या निवडीचं.

या पाण्यात चालणाऱ्या नौकाही तशाच होत्या : गुराब, गलबत, तरांडी, मचवा. गुराबेची मजल फार तर काहीशे टनांची, गलबत त्याहून बरंच लहान आणि वारा पडला तर वल्ह्यांवर चालणारं. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रातलं आरमाराचं प्रकरण तुम्ही वाचलेलं असणार. गुराबा फार थोर नकोत, फार लहानही नकोत, मध्यम असाव्यात. वाऱ्याशिवाय हलत नाहीत अशी अवाढव्य जहाजं बांधण्यात अर्थ नाही, असा त्याचा आशय. आपल्याला मोठी जहाजं जमली नाहीत म्हणून लहान बांधली, असं त्यात कुठेही नाही. मराठा आरमार लहान आणि चपळ ठेवणं हे ठरवून आखलेलं धोरण होतं. खोल समुद्रात युरोपियनांच्या तोफांसमोर उभं राहायचं नाही, त्यांना आपल्या पाण्यात यायला लावायचं. म्हणून मी म्हणतो, मालवणचं नाव एखाद्या भल्यामोठ्या विनाशिकेला मिळालं असतं तर मिरवायला बरं वाटलं असतं, पण पावणेतीन मीटरच्या नौकेला ते जितकं शोभतं तितकं तिथे शोभलं नसतं. यादीच्या योगायोगाने का होईना, नाव योग्य ठिकाणी पडलंय.

आणखी एक. नौदल दिन ४ डिसेंबरला का असतो? १९७१ च्या त्या रात्री कराचीवर हल्ला केला तो निपात, निर्घात आणि वीर या तीन क्षेपणास्त्र नौकांनी. प्रत्येकीची लांबी चाळीस मीटरहून कमी, वजन दोनशे टनांच्या आसपास. त्यांनी ‘खैबर’ ही विनाशिका आणि ‘मुहाफिज’ ही सुरुंगनाशक नौका बुडवली. म्हणजे नौदल आपला वर्षाचा मोठा दिवस साजरा करतं तो लहान नौकांच्या पराक्रमाचा. २०२३ चा हा सोहळा आपल्या तारकर्लीला झाला आणि त्याच्या चारच दिवस आधी, ३० नोव्हेंबरला, कोचीनमध्ये माहे, मांगरोळ आणि ‘मालवण’ एकाच दिवशी पाण्यात उतरल्या होत्या. आपल्या गावात सगळ्यांचं लक्ष मंडप, रस्ते आणि हेलिपॅडकडे, नावाची नौका पाण्यात पडली त्याची चर्चाच नाही. खरं तर माझा मूळ लेख या चुटपुटीतून आला होता.

विजयदुर्गाबद्दल : तुमचा अभिमान मला मान्य आहे. आंग्र्यांचं आरमार, विजयदुर्गाजवळची गिर्येची गोदी, १७५६ मध्ये इंग्रज आणि पेशवे एकत्र येऊन ते आरमार जाळलं गेलं ती दुर्दैवी गोष्ट, यांतलं काहीच मी नाकारत नाही. पण त्यासाठी मालवणला धक्का म्हणून हिणवायची गरज नाही. फेब्रुवारी १६६५ मध्ये शिवाजी महाराज बसरूरच्या मोहिमेवर समुद्रमार्गे निघाले ते कुठून? मालवणहून, ८५ लहान गलबतं आणि ३ मोठी जहाजं घेऊन, सिंधुदुर्गाचं काम सुरू होऊन जेमतेम तीन महिने झालेले असताना. म्हणजे किल्ला पुरा व्हायच्या आतच बंदर लष्करी कामाला लागलं होतं. नंतर किल्ल्याभोवती जे उभं राहिलं तो एक पूर्ण तळ होता. पद्मगडाच्या आडोशाला जहाजांची बांधणी-दुरुस्ती, किनाऱ्यावर राजकोट, आणि कोळंबच्या खाडीमुखाशी सर्जेकोट, पावसाळ्यात नौका सुरक्षित ठेवायला. किल्ल्यांची नावं सगळे घेतात, पण जून ते सप्टेंबर आरमार ठेवायचं कुठे, हा प्रश्न ज्याने सोडवला त्याला समुद्र कळलेला होता.

महाराजांनंतरही मालवण थंडावलं नाही. करवीरकरांच्या, म्हणजे कोल्हापूरच्या छत्रपतींच्या, ताब्यात असताना इथल्या गलबतांनी इंग्रजांच्या व्यापाराला इतका उपद्रव दिला की १७६५ मध्ये त्यांनी मुंबईहून येऊन सिंधुदुर्ग घेतला आणि त्याला फोर्ट ऑगस्टस असं नाव ठेवलं. पुढच्याच वर्षी किल्ला परत द्यावा लागला. इंग्रजांनी मालवणवाल्यांना चाचे म्हटलं, पण इंग्रजांनी चाचे कोणाकोणाला म्हटलं याची यादी काढली तर तुमचे कान्होजी आंग्रेही त्यात आहेत. तेव्हा या बाबतीत तरी देवगड-मालवण एकाच होडीत.

जाता जाता, विजयदुर्गाला नाव मिळालं नाही असंही नाही. १९७० च्या दशकात रशियाकडून घेतलेल्या तीन क्षेपणास्त्र कॉर्व्हेट (लहान युद्धनौका) म्हणजे विजयदुर्ग, सिंधुदुर्ग आणि होसदुर्ग. तुमच्या लिहिण्यावरून वाटतं की हे तुमच्या नजरेतून सुटलंय.

पदरात काय पडतं, हा तुमचा प्रश्न मात्र मला सर्वांत रास्त वाटतो. राजकोटचा शिवाजी महाराजांचा पुतळा ४ डिसेंबर २०२३ ला उभा राहिला आणि २६ ऑगस्ट २०२४ ला कोसळला. नवा उभारला गेला, पण गावाच्या मनातून पहिला प्रसंग इतक्यात जाणार नाही आणि सोहळा म्हटलं की लोक हात आखडता घेतात, हे मी रोज बघतो. नौदलाच्या निवृत्त ‘गुलदार’ या नौकेला इथल्या समुद्रातल्या निवती रॉकजवळ बुडवून पाण्याखालचं संग्रहालय करण्याची योजना आहे. त्यातून डायव्हिंगवाल्यांना काम मिळेल, पण किनाऱ्यावरून रापण, म्हणजे मोठं जाळं, ओढणाऱ्याला काय मिळेल हे विचारायलाच हवं. गाबित, भंडारी, दालदी, ज्यांच्या पूर्वजांनी ती गलबतं वल्हवली, त्यांच्याशिवाय आरमाराचा वारसा म्हणजे नुसती रोषणाई.

नौका हे प्रश्न सोडवणार नाही आणि तिच्याकडून ती अपेक्षाही नको. नावामुळे भरतीत राखीव जागा मिळत नाहीत. नौसैनिकांची भरती देशभरातून होते, प्रशिक्षण ओडिशातल्या चिल्क्याला होतं, आणि कोण कुठल्या नौकेवर जाईल ते नौदल ठरवतं. ‘मालवण’वर एकही मालवणी नसेल, असंही होऊ शकतं.

पण मागण्यासारखं काही आहे. ‘सूरत’ या विनाशिकेच्या मानचिन्हाचं अनावरण २०२३ मध्ये थेट सुरत शहरात झालं होतं. एका शहराला जे मिळालं ते दुसऱ्या, लहान गावाने मागायला काय हरकत आहे? नगरपरिषदेने नौदलाला रीतसर पत्र लिहावं. वर्षातून एकदा, समुद्र निवलेला असताना, नौकेने सिंधुदुर्गाच्या बाहेर नांगर टाकावा. शाळांतली मुलं आणि मच्छीमार संस्थांची माणसं आलटून पालटून तिच्यावर न्यावीत. सोनारवर बसणाऱ्या नौसैनिकाने मुलांना पाण्याचे थर समजावून सांगावेत आणि एखाद्या जुन्या तांडेलाने त्या नौसैनिकाला इथले खडक सांगावेत. भाषणं कमी झाली तरी चालेल. याला कोट्यवधींचा खर्च नाही. लागतं ते एक पत्र आणि त्याचा पाठपुरावा, आणि पाठपुराव्यात आपण कोकणी माणसं किती पुढे आहोत ते आपण दोघंही जाणतो.

गिर्येच्या गोदीवर लिहायचं डोक्यात आहे. तिथे तुमची माहिती माझ्यापेक्षा जास्त असणार, तेव्हा भांडणाची उरलेली बाजू तिथे मांडा. आणि तुमच्या त्या ‘होडी’ शब्दाला माझी हरकत नाही. मालवणात होडी म्हटल्यावर कोणाला कमीपणा वाटत नाही.