बॅकअप होता तरी विमान पडलं, कामून ते वाचा

आपल्या संभाजीनगर-जालन्याच्या ग्रुपवर एक मेसेज लई फिरायलाय, की विमानात प्रत्येक पार्टला बॅकअप असतो, सर्विसिंग वेळच्या वेळी होते, त्यामुळं मशीन बिघडून विमान पडूच शकत नाही, पडलं की समजा पायलट चुकला, त्यानं लगेच जवळच्या एअरपोर्टला उतरवायला पाहिजे होतं. मी वाळूजला लेथवर काम करतो, मला हे वाचून राहवत नाही.

आधी बॅकअपचं घ्या. 31 जानेवारी 2000 ला अलास्का एअरलाइन्सची फ्लाइट 261 मेक्सिकोहून निघाली आणि कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ समुद्रात पडली, आतली सगळी 88 माणसं गेली. त्या एमडी-83 विमानाच्या शेपटीचा आडवा पंख हलवायला एक लांब स्क्रू आणि त्यावर ब्राँझचा नट असतो, आटे ॲक्मे, म्हणजे चपट्या माथ्याचे जाड आटे, आपल्या लेथच्या लांब लीडस्क्रूला असतात तेच. बॅकअप होता की, स्क्रूला दोन आटे होते, एक गेला तर दुसरा भार घेईल म्हणून. पण दोन्ही त्याच एका नटात, दोन्हीला ग्रीस तेच, मग ते नसलं की दोन्ही सोबतच झिजणार ना! समुद्रातून स्क्रू काढला तेव्हा नटाचे सोललेले आटे त्याला वेटोळं घालून बसलेले होते आणि आटे जिथं घासतात तिथं कामाचं ग्रीसच नव्हतं.

आता सर्विसिंग. 1987 ला 500 तासाला ग्रीसिंग व्हायचं, ते वाढवत वाढवत 1996 ला 8 महिन्यांवर नेलं, म्हणजे साधारण 2,550 तास, आणि तिथल्या एफएएनं, म्हणजे अमेरिकेच्या सरकारी विमान खात्यानं, ते चालू दिलं. सप्टेंबर 1997 च्या चेकिंगला नटाचा प्ले, म्हणजे झिजून आलेला ढिलेपणा, 0.040 इंच निघाला, अगदी लिमिटवर, एका शिफ्टनं लिहिलं नट बदला, पुढच्या शिफ्टनं परत मोजलं तर 0.033 आलं आणि नट तसाच ठेवून विमान सोडलं. मोजमापात फरक पडतो, मान्य, पण झिजलेला नट आपोआप भरून येत नाही, मग कमीचा आकडा कसा काय धरायचा? कागदावर मात्र सगळं वेळेत.

पायलटचं म्हणाल तर पंख जाम झाल्यावर ऑटोपायलट वापरला ते बरोबर नव्हतं असं चौकशीनं म्हटलंय, ते लपवायचं कारण नाही. पण लगेच मागं फिरले नाहीत ते समजण्यासारखं आहे असंही तिथंच लिहिलंय, कारण तसं उतरा असं त्यांच्या चेकलिस्टमध्ये नव्हतंच. विमान एकदा हजारो फूट खाली गेलं ते दोघांनी सावरलं, पुढं जवळपास दहा मिनिटं धरून ठेवलं, आणि कॅप्टननं स्वतःहून समुद्रावर राहायला परवानगी मागितली. शेवटी विमान उलटं झालं तरी दोघं सरळ करायला झटत होते. त्यांना दोष देऊन ग्रीस न मारणारे सुटतात, माझा राग त्याचा आहे.

आपल्याकडं पायलटवर बोट पटकन जातं ते 26 एप्रिल 1993 मुळं. चिकलठाण्याहून उडालेलं इंडियन एअरलाइन्सचं विमान बीड रोडवर कापसाच्या गाठींच्या ट्रकला धडकलं, 55 लोक गेले. पायलटच्या चुका निघाल्या, खरंय. पण उड्डाणाच्या वेळी बीड रोडची वाहतूक आवरली नाही म्हणून विमानतळ प्राधिकरणालाही त्याच चौकशीनं दोष दिला होता, तेवढं मेसेजवाले कामून सोडतात?